रडण्यातलं बोलणं

रूपाला डॉक्टरापुढे न्यायची तर न्हाऊ घालायची नाही, वेणी घालायची नाही, अंगावरची साडीसुद्धा बदलायची नाही, असं जगदेवनं गोमतीबाईला पुन्हा पुन्हा बजावून सांगितलं होतं. जगदेवचं इंझोरीत ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान. तांड्यावरच्या सगळ्यांचे कागद त्याच्याच हातून पुढं सरकत. माणूस वाईट नव्हता. आलेल्याला चहा पाजायचा आणि खरं काय ते तोंडावर सांगायचा.

"काकू, थो डॉक्टर पोरीकडं घडीभर पाह्यते," तो म्हणाला. "तेवढ्यात त्याले पोरगी बिमार दिसली पाह्यजे. चाळीस टक्के लिवले तं निराधारचा पगार सुरू. त्याच्या खाली लिवले तं घरी येऊन भाकर खा."

"बिमार तं हायच ना थे."

"हाय, पण दिसत नाई. तुमी तिले इतली साफसूफ ठेवता, का पाह्यणाऱ्याले वाटते लग्नाले निंगाली. आन् आखीन एक. डॉक्टरनं इचारलं कशी हाय, तं बरी हाय म्हणू नका. तुमाले सवय हाय. घर जळून राह्यलं तरी इचारणाऱ्याले तुमी बरं हाय म्हणसान."

गोमतीबाई हसली, पण पदराआड. तिला हे प्रमाणपत्र कशाला हवं होतं ते जगदेवलाही ठाऊक होतं आणि साऱ्या तांड्यालाही. दिवाळी झाली की तांडा रिकामा व्हायचा. ट्रक यायचे, बायका-पोरं, भांडी, कोंबड्या त्यात चढायच्या आणि टोळी पश्चिमेकडे ऊस तोडायला जायची. गोमतीबाईचा मुलगा धनराज आणि त्याची बायको दरवर्षी जायचे. नातवंडं सांभाळायला गोमतीबाई जायची, आणि ती गेली म्हणजे लेकीला, रूपालाही, न्यावी लागायची. मागच्या साली फडावर रूपा दोनदा निघून गेली. पहिल्यांदा कालव्याच्या कडेला सापडली. दुसऱ्यांदा सापडली तेव्हा मुकादमानं शिव्या घातल्या, आणि त्यानंतर धनराजनं तिचा पाय दोरानं खोपीच्या मेढीला, खांबाला, बांधला. बांधताना तो रडत होता. पण त्यानं गाठ मात्र बैलाला मारतात तशी पक्की मारली होती. फडावरून निघेपर्यंत रूपा तशीच बांधलेली होती.

"सर्टिफिकेट भेटलं तं तुमी दोघी घरी राहा," धनराज यंदा म्हणाला होता. "रेशनचं धान्य हाय, वरून पगार येईन, तेलमिठाचं भागंन. पोट्टे मी पाह्यतो. नाई भेटलं तं चला मंग. एकटीले तं कोणी ठेवत नाई तिले."

म्हणजे एकीकडे कागद होता आणि दुसरीकडे दोर.

रूपाला काय झालं होतं ते मात्र कोणाला धड सांगता आलं नसतं. तिला सासरी नांदायला पाठवली, मग सासरच्यांनीच आणून सोडली. आधी तिनं वेणी घालायचं सोडलं. मग भाजीत मीठ पडेना. मग एक दिवस ती घराच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून बसली आणि ऊन अंगावरून सरकून गेलं तरी उठली नाही. भगत झाले, दर्गा झाला, पोहरादेवीला नवस झाला. मग सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या लागल्या. गोळ्यांनी तिचं रात्रीचं ओरडणं थांबलं, अंग सुजलं, आणि ती आणखी गप्प झाली. दिवसातून दोन-चार शब्द बोलायची. पाणी. नको. याडी. याडी म्हणजे आई. गोमतीबाई तेवढ्यावर दिवस काढायची.

शिबिराच्या दिवशी पहाटे गोमतीबाईनं चुलीवर पाणी ठेवलं. जगदेवचं सांगणं तिच्या ध्यानात होतं. पण तांड्याबाहेर, परक्या माणसांत पोर न्यायची आणि तिच्या अंगाला वास यायचा, हे तिच्या हातून होणारं नव्हतं. तिनं रूपाला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं, घट्ट वेणी घातली आणि पेटीतली हिरवी साडी नेसवली. रूपा हात वर कर म्हटलं की वर करायची, खाली कर म्हटलं की खाली. नेसवून झाल्यावर ती खरंच चांगली दिसायला लागली. गोमतीबाईला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच जगदेवचं सांगणं आठवलं.

मंगरूळपीरला शिबिर एका मंगल कार्यालयात भरलं होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाचे झेंडू अजून कमानीला तसेच होते. जिथं नवरानवरी बसतात त्या चौथऱ्यावर टेबलं मांडलेली: एक डोळ्यांचं, एक कानाचं, एक हातापायांचं आणि अगदी कोपऱ्यात एक मनाचं. खाली लाल खुर्च्यांवर माणसं बसली होती. कोणी कुबड्या घेऊन, कोणी पाठुंगळी आलेलं, कोणी काळा चष्मा लावून.

गोमतीबाईच्या शेजारी मदनसिंग नावाचा एक पाय नसलेला माणूस बसला होता. बोलका होता.

"मावशी, मायं हे नेहमीचं हाय," तो म्हणाला. "दर काही सालानं बलावतात. पाय उगवला का पाह्यतात."

"मंग?"

"मंग काय, अजून तं नाई उगवला. पण साहेब लोकं आशा सोडत नाई." त्यानं रूपाकडे पाहिलं. "हिचं काय हाय? चांगली तं दिसून राह्यली."

"मनाचं हाय."

मदनसिंगनं मान हलवली. "मनाचं कठीण हाय, मावशी. मी आपली लुंगी वर केली की झालं. तुमी काय वर करून दाखवसान?"

कोपऱ्यातल्या टेबलावरचा डॉक्टर तरुण होता, चेहरा दमलेला. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला. शेजारी एक मदतनीस कागद पुढं सरकवत होता. डॉक्टरनं रूपाला नाव विचारलं. रूपा टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली. आज वार कोणता, विचारलं. गाव कोणतं, विचारलं. ती तशीच.

"बोलत नाही का?" डॉक्टरनं गोमतीबाईला विचारलं.

"नाई साहेब."

"जेवते का?"

"जेवते," गोमतीबाई म्हणाली. घास भरवावा लागतो, मग ती गिळते, कधी गिळत नाही, हे सगळं तिच्या जिभेवर होतं. पण चारचौघांत, परक्या पुरुषापुढे, आपली पोर जेवत नाही असं कोणती आई म्हणेल? लोक म्हणतील घालत नसेल.

"अंघोळ?"

"करते."

"झोप?"

"झोपते."

"मग त्रास काय आहे, मावशी? तुमच्या शब्दांत सांगा."

गोमतीबाईचे शब्द तिच्या बोलीत होते. मराठी तिला बाजारापुरती येत होती. तुरीचा भाव, बसचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी, एवढं त्यात बसायचं. तिनं पुष्कळ शोधलं आणि मग म्हणाली, "तिचं मन लागत नाई, साहेब."

मदतनीस हसला. डॉक्टर हसला नाही, पण पेन खाली ठेवून म्हणाला, "मन तर माझंही लागत नाही, मावशी. त्यावर मी काय लिहू?" मग त्यानं जुनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. "इथंच समोर बसा. जेवणानंतर पुन्हा बोलावतो. जरा पाहतो तिच्याकडे."

त्या दोघी समोरच्या खुर्च्यांवर बसल्या. पाहतो म्हणाला म्हणजे अजून आशा आहे, असं गोमतीबाईनं धरलं. तिनं देवाला मनातल्या मनात सांगितलं की आज पोर जशी आहे तशीच दिसू दे. असलं मागणं तिनं कधी मागितलं नव्हतं.

डॉक्टरनं डबा उघडला होता तेव्हा कार्यालयाच्या दारातून धनीबाई आत आली. धनीबाई म्हणजे गोमतीबाईची नणंद, रूपाची सख्खी आत्या. तिच्या बोलीत फुफी. केनवडकडच्या तांड्यावर दिलेली. नवऱ्याच्या कानाचा कागद करायला आली होती. भावाच्या, म्हणजे गोमतीबाईच्या नवऱ्याच्या, तेराव्यानंतर तिचं माहेरी येणंच झालं नव्हतं, आणि तेव्हा सासरच्यांनी रूपाला पाठवलं नव्हतं, म्हणून तिला तर तिनं त्याच्याही आधीपासून पाहिलं नव्हतं. लहानपणी रूपा सारखी हिच्याच कडेवर असायची.

धनीबाईनं त्यांना पाहिलं, हातातली पिशवी तिथंच टाकली आणि खाली बसत रूपाला गळ्याशी धरलं. आणि तिनं सूर लावला.

बंजाऱ्यांच्या बायका पुष्कळ दिवसांनी भेटल्या की रडतात. ते नुसतं रडणं नसतं. एकमेकींच्या गळ्यात पडून, चालीवर, शब्दांनी रडतात. भेट तुटल्यापासून काय काय झालं, कोण गेलं, काय सोसलं, ते एक जण सांगते, ती थांबली की दुसरी सांगते. मध्ये कोणी उगी उगी म्हणत नाही. सांगून संपलं की दोघी डोळे पुसतात, आणि कशी आहेस, चहा घेतला का, असं साध्या आवाजात विचारतात. बाहेरच्याला वाटतं कोणी मेलं. आणि त्या रडण्यात जे बोललं गेलं ते पुन्हा कधी कोणी उच्चारत नाही. रागात नाही, थट्टेत नाही, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. डोळे पुसले की ते मिटलं.

धनीबाईनं भावाचं सांगितलं. त्याच्या मागं माहेरची वाट कशी बुजली ते सांगितलं. "माझी रूपा चिमणीसारखी बोलायची, कोणी गं तिची जीभ नेली," असं म्हणून ती थांबली. आता दुसरीची पाळी होती.

गोमतीबाईच पुढं व्हायला निघाली, पोरीच्या वाटचं आपण रडावं म्हणून. तेवढ्यात रूपाच्या घशातून आवाज निघाला. आधी गंजलेल्या हापशासारखा. मग तो चालीवर आला. लहानपणापासून आज्या-मावश्यांच्या मांडीवर ऐकलेली चाल, तिला मनाची गरजच नव्हती. ती आपोआप पुढं झाली आणि शब्द तिच्यामागून आले.

"फुफी गं, तू आलीस पण मी घरी नाही," रूपा त्यांच्या बोलीत रडत म्हणाली. "सगळी माणसं वर उजेडात बसली आहेत, आणि मी विहिरीतून त्यांच्याकडे पाहते. भाकर तोंडात घातली की तिची माती होते. याडी मला न्हाऊ घालते, पाणी दुसऱ्याच कोणाच्या अंगावरून जातं. चुलीखालून कोणी मला नाव घेऊन बोलावतं, फुफी, आणि आवाज माझाच आहे. भावानं पायाला दोर बांधला. त्यानं दोर सोडला, पाय अजून बांधलेलाच आहे. रात्री याडी झोपली की मी तिचा श्वास ऐकत बसते. तो चालू आहे तोवर मला जाता येत नाही. तो थांबला की मला जायला मोकळीक होईल. म्हणून मी ऐकत बसते, फुफी, रोज ऐकत बसते."

मग ती थांबली. धनीबाईनं स्वतःचे डोळे पुसले, तिचे पुसले. "चहा घेशीन का, छोरी?" तिनं विचारलं. रूपानं मान हलवली. कोपऱ्यातल्या थर्मासमधून चहा आला, आणि रूपा तो स्वतःच्या हातानं कप धरून प्यायली.

पोर बोलली म्हणून गोमतीबाईला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, आणि पोर जे बोलली ते ऐकलंच नसतं तर बरं, असंही वाटत होतं. रात्री आपण घोरतो म्हणून पोरीला झोप येत नसेल, असं तिला इतके दिवस वाटत आलं होतं.

डॉक्टर डब्याचं झाकण हातात धरून हे सगळं पाहत होता.

त्यानं जेवण उरकून लगेच बोलावलं. "मावशी, आता तर ही बोलली."

"बोलली, साहेब."

"मला तुम्ही सांगितलं, बोलत नाही."

"थे बोलणं नव्हतं, साहेब. थे रडणं व्हय. आमच्यात भेटल्यावर रडतात."

"रडली, आणि लगेच डोळे पुसून चहा प्यायली."

"आमच्यात तसंच असते."

"सर, सकाळपासून हेच चालू आहे," मदतनीस म्हणाला. "एक जण आंधळा म्हणून आला आणि जाताना स्वतःची चप्पल बरोबर शोधून गेला."

डॉक्टरनं त्याला हातानं गप्प केलं. "काय म्हणाली ती रडताना?"

गोमतीबाईनं वळून पाहिलं. रूपा तिच्याकडेच पाहत होती. किती दिवसांनी तिची नजर आईच्या डोळ्यांवर आली होती. मागं धनीबाई उभी होती, आणि तिनं फक्त मान हलवली. नाही म्हणून.

हे सांगायचं नसतं, हे गोमतीबाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण डोळ्यांपुढे ट्रक उभा होता, आणि ट्रकच्या पलीकडे खोपीची मेढ. साहेबाला मघाशी शब्द हवे होते, तिच्याकडे नव्हते. आता पोरीनंच ते दिले होते. तिनं बाजारच्या मोडक्या मराठीत सगळं सांगितलं. विहीर सांगितली, माती सांगितली, चुलीखालचा आवाज सांगितला, दोर सांगितला. शेवटचं सांगताना ती खाली टेबलाच्या कडेकडे पाहत होती. "मी झोपलो की मायावाला श्वास ऐकते म्हणते, साहेब. मी मेलो की थे मोकळी होईन, मंग थे बी जाईन."

डॉक्टरचं पेन थांबलं होतं. मदतनीससुद्धा हसत नव्हता. झालं, असं गोमतीबाईला वाटलं. पटलं साहेबाला.

"असं ती स्वतः म्हणाली? याच शब्दांत?"

"याच, साहेब. देवाशपथ."

डॉक्टरनं चष्मा काढून डोळे चोळले. "मावशी, आत्याला ओळखते. स्वतःला काय होतं ते इतकं नीट, एकामागून एक सांगते. कोणी इतकं चांगलं बोलू शकत असेल तर संवाद साधता येत नाही असं मी कसं लिहू? जेवते, अंघोळ करते, हे तर तुम्हीच सांगितलं. नीटनेटकी दिसतेही." त्यानं कागदावर आकडे मांडले, बेरीज केली. "पस्तीस टक्के होतात. ह्याच्या वर मला नेता येत नाही."

"साहेब..."

"औषध बदलून देतो. आणि हे नीट ऐका, मावशी. हिला एक क्षणही एकटी सोडू नका. जे बोलली ते हलकं घेऊ नका."

"एकटी सोडू नको तं मी कामाले कशी जाऊ, साहेब? तेच्याचसाठी तं कागद पाह्यजे."

"ते ह्या फॉर्ममध्ये बसत नाही," डॉक्टर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पुढच्याचं नाव त्यानं स्वतःच पुकारलं.

बसस्टँडवर धनीबाई त्यांच्यासोबत आली. घराकडची, मानोऱ्याची गाडी लागली तेव्हा ती म्हणाली, "भोजाई, तुया काळजात काय होतं थे मले समजते. पण रडण्यातलं सांगत असतात का कोणी?"

"काय करू मंग? पोरीले आखीन बांधू?"

"मी काय म्हणू तुले. सांगतलं तं सांगतलं." धनीबाईनं रूपाच्या तोंडावरून हात फिरवला. "पण निदान घेतलं तं असतं त्यानं. तू पोरीचं रडणं ठेवलं त्याच्यासमोर, आन् त्यानं घेतलं बी नाई."

गाडीत रूपा खिडकीकडे बसली. गोमतीबाईनं तिला शेंगदाणे दिले. तिनं मूठ उघडलीच नाही. "पाणी देऊ?" विचारलं. रोज ती निदान "नको" म्हणायची. आज तेही नाही. घरी आल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. पाणी, नको, याडी, तीनही शब्द गेले. गोमतीबाई तिच्यापुढे बसून म्हणायची, "मले शिवी दे, छोरी. चुकलं मायं. शिवी तं दे." रूपा तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहायची.

गोमतीबाईनंही नीट झोपणं सोडलं. अंधारात ती श्वास मोठ्यानं घ्यायची, पोरीला ऐकू जावा म्हणून.

जगदेवनं कागद पाहून कपाळाला हात लावला. "मी काय सांगतलं होतं, काकू? न्हाऊ घातलं, वेणी घातली, वरून गाणं म्हणवून आणलं."

"गाणं नव्हतं थे."

"त्याले काय ठाव? जाऊ द्या. वरती अपील करता येते. मोठ्या दवाखान्यात बोर्ड बसते. पण आता तिथं तोंड उघडू देऊ नका तिले."

"आता थे उघडतच नाई," गोमतीबाई म्हणाली.

"मंग बेस हाय," जगदेव म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच ते बोचलं. त्यानं खाली पाहून अर्ज भरायला घेतला.

मोठ्या बोर्डाची तारीख दिवाळीच्या आधी आली. ह्या वेळी धनराज सोबत होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात धनीबाई आधीच येऊन बसलेली दिसली. कोणी बोलावलं नव्हतं. फोनवर तारीख कळली, तशी ती सकाळच्या गाडीनं निघाली होती.

"तुमचं कागदाचं तुमी पाह्या," ती गोमतीबाईला म्हणाली. "मी पोरीसाठी आली."

तिनं रूपाला गळ्याशी धरलं आणि सूर लावला. मागच्यापेक्षा मोठ्यानं, जणू विहिरीतच हाक मारायची आहे. जाणारी-येणारी माणसं थांबली. आतून बोर्डाची डॉक्टरीणबाईही दारात येऊन उभी राहिली. धनीबाईनं सांगितलं, सांगून ती थांबली. रूपाची पाळी आली. रूपाचे हात तिच्या अंगाशी लाकडासारखे लोंबत होते. धनीबाईनं पुन्हा सूर धरला, पुन्हा जागा सोडली. त्या जागेत व्हरांड्यातल्या पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. शेवटी धनीबाईनं डोळे पुसले. चहाचं तिनं विचारलं नाही. पिशवी उचलली आणि केनवडच्या गाडीची चौकशी करत निघून गेली.

डॉक्टरीणबाई समजूतदार होती. तिनं आवाज चढवला नाही, घाई केली नाही. रूपाच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं, नाव घेऊन हाका मारल्या, हात उचलून सोडून पाहिला. मघाशी व्हरांड्यात काय झालं ते तिनं स्वतः पाहिलंच होतं. "जवळच्या माणसालाही प्रतिसाद नाही," ती शेजारच्या डॉक्टरांना म्हणाली. गोमतीबाईला तिनं एकच विचारलं, "आधीपासून अशीच आहे का, की अलीकडे वाढलं?"

"अलीकडं," गोमतीबाई म्हणाली.

"काही घडलं होतं का?"

गोमतीबाई रूपाचा पदर सारखा करायला लागली. धनराजच म्हणाला, "नाई मॅडम. असंच."

पंचाहत्तर टक्के लिहिले गेले. धनराजनं खाली येऊन पेढे घेतले, एक आईच्या हातावर ठेवला, एक बहिणीच्या ओठाला लावला. "झालं काम," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरंच होतं. आता कोणाच्या पायाला गाठ मारायची पाळी त्याच्यावर येणार नव्हती. जगदेवनं कागदाला प्लास्टिक चढवून दिलं, पैसे घेतले नाहीत. "पाह्यलं काकू," तो म्हणाला, "खरं असलं की भेटते." गोमतीबाईनं त्याच्याकडे इतकं रोखून पाहिलं, की तो उगाच ड्रॉवर उघडून त्यात काहीतरी शोधायला लागला.

दिवाळी झाली. ट्रक आले आणि गेले. तांड्यावर म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं उरली. पगार यायला लागला. गोमतीबाई रूपाला न्हाऊ घालायची, भरवायची, गोळी द्यायची, भिंतीकडून उठवून उन्हात आणायची. दोघींना घरी राहायचं होतं, त्या घरी होत्या.

पोरीशी एकदा रडावं, असं तिच्या मनात कितीतरी दिवसांपासून होतं. पण एका घरात राहणाऱ्यांचं असं रडणं नसतं. ज्यांची ताटातूट झाली त्यांनीच ते करायचं. रोज एका ताटात जेवणाऱ्या आई-लेकींनी कोणत्या भेटीसाठी गळ्यात पडायचं? तशी चालच नाही. सूर लावायचा कुठून, हेच कळत नाही.

एक दिवस दुपारी तिनं धुतलेली साडी नेसली. पिशवी घेतली. उंबऱ्यात बसलेल्या रूपाला म्हणाली, "गावाले जाऊन येतो, छोरी." शेजारच्या म्हातारीला लक्ष ठेवायला सांगून ती तांड्याच्या वाटेनं निघाली. रस्ता वळतो तिथं एक निंब आहे. तिथून घराचं दार दिसतं. ती निंबाखाली उभी राहिली, दाराकडे पाहत. रूपा हलली नाही. एक मोटारसायकल गेली, बकऱ्या गेल्या, ऊन कलायला लागलं. लांबून आल्यासारखं व्हायला किती वेळ लागतो, याचा तिला अंदाज नव्हता. पाय दुखायला लागले तेव्हा ती वळली आणि पाहुणी येते तशी, पदर डोक्यावर घेऊन, हळूहळू घराकडे चालत आली.

दारात तिनं पिशवी टाकली, खाली बसली आणि पोरीला गळ्याशी धरलं. सूर लागला. किती दिवसांचा अडकलेला होता. तिनं त्या कार्यालयाचं सांगितलं, साहेबाचं सांगितलं, खोपीच्या मेढीचं सांगितलं. जे मिटलं होतं ते मी उघडं केलं, तुझ्या भाकरीसाठी केलं आणि तुझी जीभ देऊन भाकर आणली, असं ती रडत म्हणाली. शेजारची म्हातारी दारात आली आणि पाहून आत गेली. गोमतीबाईनं सगळं सांगितलं आणि थांबली. पोरीसाठी जागा सोडली.

पुष्कळ वेळ गेला. मग रूपा तिच्या हातांतून सुटून उठली. आत गेली. रांजणात तांब्या बुडवल्याचा आवाज आला, आणि गोमतीबाईनं आत मान वळवली. कितीतरी दिवसांत पोर आपणहून कशाला उठली नव्हती. रूपानं तांब्या आणून आईच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला, बाहेरून आलेल्या माणसापुढं ठेवतात तसा. तिच्याकडे पाहिलं नाही. मग ती घराच्या मागच्या बाजूला गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

गोमतीबाईनं तांब्या उचलला आणि ती पाणी प्यायली.